उभ्या गाडीचे टायर

टायर म्हातारा कसा होतो, हे मला आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला पहिल्या झटक्यात पटवता आलेलं नाही. झिजतो, हे सगळ्यांना कळतं. फुटतो, हेही कळतं. पण नुसता उभ्या उभ्या म्हातारा होतो म्हटलं, की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. मी बोट दाखवणार, गिऱ्हाईक वाकणार, खाचेत नख घालून बघणार आणि कंबर धरून उठत म्हणणार, "जाधवभाई, टायर तो नवां ज छे ने! गाडी फरती ज नथी." गाडी फिरतच नाही, म्हणून टायर नवे! अहो, फिरत नाही म्हणूनच तर वाया गेले. पण ऐकतो कोण?

छाणीच्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान होतं. 'होतं' आपलं म्हणायचं. दुकान तिथेच आहे, पण आता मुलगा चालवतो आणि मी खुर्चीत बसून नको तिथे तोंड घालतो. घर आमचं दांडिया बाजारातलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आजोबा फौजेतल्या घोड्यांना नाल ठोकायचे, वडिलांनी सायकलींची पंक्चरं काढली आणि मी मोटारींच्या टायरवर आलो. घराण्यानं पायाखालचं काम काही सोडलं नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रबरात तेलं मिसळलेली असतात. चाक फिरलं, दबलं, गरम झालं की ती तेलं आतल्या आत हलत राहतात आणि रबर मऊ राहतं. गाडी उभी राहिली की सगळं थांबतं. त्यात आपलं बडोद्याचं ऊन. मग टायरच्या कुशीला बारीक भेगा पडतात, थंडीत आपल्या टाचांना पडतात तशा. एकाच जागी वजन घेऊन उभं राहिल्यानं तळाचा भाग चपटा होतो तो वेगळाच. आणि वय तर लपतच नाही. टायरवर इंग्रजी अक्षरांची एक रांग असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष. ही टायरची जन्मतारीख. गंमत अशी, की बऱ्याचदा ती आतल्या बाजूला गेलेली असते, म्हणून मालकाच्या नजरेलाच पडत नाही. पाच-सहा वर्षं झाली की टायर दरवर्षी दाखवायचा आणि दहा झाली की खाचा कितीही खोल असोत, गुपचूप उतरवायचा. स्टेपनीसुद्धा. डिकीत झोपून राहिलेल्या स्टेपनीचं वय वाढत नाही असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

आमच्याकडे एक पटेल येत. मुलाकडे परदेशी राहायचे, हिवाळ्यात इथे यायचे. विमानातून उतरले की गाडीवरचं कापड झटकून तडक एक्स्प्रेस-वेवर. एकदा रस्त्यांना शिव्या घालत दुकानात आले. "रस्ता केवा थई गया छे, आखी गाडी धडधड करे छे!" मी चाक वर उचलून फिरवून दाखवलं. टायर तळाला असा चपटा झाला होता, की चाक गोल आहे हे सांगावं लागलं असतं. पटेल हसले, म्हणाले, "मारी जेम ज बेसी गया," माझ्यासारखेच बसले म्हणे, आणि चारही बदलून घेतले. असं भलं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. बाकीचे वाद घालतात, आणि सगळ्यांत जास्त वाद घालतात ते मित्र.

वसंतराव मोहिते माझे तसे मित्र. रिफायनरीत नोकरी झाली, हरणीला सोसायटीत पहिल्या मजल्यावर घर. मूलबाळ नाही. नवरा-बायको आणि त्यांची ती पांढरी गाडी. सुमनवहिनींचं माहेर साक्री, धुळ्याच्या अलीकडचं. दर उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर दोघं गाडीनं साक्रीला निघायची. सोनगड, नवापूर, कोंडाईबारीचा घाट आणि साक्री. निघायच्या आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे. मी टायर बघायचो आणि वहिनी दुकानात बसून मालतीशी, म्हणजे आमच्या हिच्याशी, गप्पा मारायच्या. घाटात मध कुठे मिळतो, नवापूरला चहा कुठे घ्यायचा, गाडी बंद पडली तेव्हा काय मज्जा झाली. मालती मागाहून मला म्हणायची, "आपण कधी जायचं हो असं?" मी म्हणायचो, "सीझन संपू दे." टायरवाल्याचा सीझन कधी संपतो का? उन्हाळ्यात टायर फुटतात, पावसात पंक्चर होतात आणि दिवाळीत अख्खं बडोदं बाहेरगावी निघतं. मालती गेली. सीझन चालूच आहे.

सुमनवहिनींना विसरायचा आजार जडला. आधी गॅस विसरल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण हरणीला राहतो हेच. राहिलं ते एक साक्री. रोज संध्याकाळी पाच वाजले की पातळ बदलायच्या, पर्स घ्यायच्या आणि खाली येऊन गाडीत पुढच्या सीटवर बसायच्या. "चला ना हो, उशीर होतोय. आई वाट बघत असेल." आई जाऊन किती काळ लोटला! सुरुवातीला वसंतरावांनी समजावलं, वहिनी रडायच्या, ओरडायच्या. मग त्यांनी समजावणं सोडलं. खाली यायचे, शेजारी बसायचे, इंजिन चालू करायचे. गाडी जागच्या जागी. वहिनी काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या, मधूनच "सोनगड गेलं का?" विचारायच्या. वसंतराव म्हणायचे, "आत्ताच गेलं." वहिनींना प्रवासात दशम्यांचा डबा लागायचा, म्हणून वसंतराव कोपऱ्यावरच्या बेनकडून मेथीचे थेपले आणून डब्यात भरायचे. अंधारायला लागलं की वहिनी थकायच्या, निमूट वर जायच्या. सोसायटीतल्या पोरांनी हसून बघितलं, मग त्यांनाही सवय झाली.

अशी ती गाडी वर्षानुवर्षं पार्किंगमध्येच उभी. आणि हे मला ठाऊक असून मी टायरांचा विचार केला नाही, कारण गाडी कुठे जाणारच नव्हती.

मग एका सकाळी वसंतराव गाडी घेऊन दुकानात हजर. वहिनी झोपेत होत्या, शेजारच्या बेनला सांगून आले होते. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं लॉटरी लागली. "जाधव, हवा भर. उद्या पहाटे साक्रीला निघतोय. खरोखरचं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता ओळख झपाट्यानं पुसत चालली आहे, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. तिचा धाकटा भाऊ तिथे आहे, नाना, त्याला तरी ती ओळखेल. दुसऱ्या गाडीत ती बसत नाही, रेल्वे म्हटलं की घाबरते. म्हणून हीच गाडी.

मी खाली वाकलो. टायर काळेकुळकुळीत, चमकत होते. मला शंका आली. बोट फिरवलं तर बोट तेलकट.

"हे काय लावलंय?"

"खोबरेल. दर दसऱ्याला लावतो ना."

आता हे आमच्याच लोकांनी करावं! आमची घरं फौजेतली. तलवारी आता भिंतीवर, पण खंडेनवमीला त्या काढायच्या, पुसायच्या, तेलाचा हात द्यायचा, ही रीत काही सुटली नाही. तलवारीशेजारी गाडी उभी, तिलाही हार, तिलाही कुंकू. आणि उरलेलं तेल चारही टायरांना. तलवारीचं तेलानं भलं होतं हो, पण रबराचं वाटोळं होतं. वर आणखी भेगा त्या तेलाखाली झाकल्या जातात. मी फडक्यानं कूस पुसली, अंगठ्यानं दाबली. भेगा अशा उघडल्या की आतला धागा दिसायचा बाकी. आडवा होऊन आतल्या बाजूची जन्मतारीख वाचली आणि उठून बसलो.

"वसंतराव, या टायरांवर पार्किंगच्या बाहेर जायचं नाही."

"काहीतरीच काय! खाचा बघ. किती फिरलेत?"

"फिरले नाहीत हेच दुखणं आहे. हायवेला तापतील आणि फुटतील. घाटात फुटला तर? शेजारी वहिनी बसलेल्या असणार."

"बदलायचे तर बदल ना मग! आत्ता!"

त्या मापाचे टायर नेमके दुकानात नव्हते, मागवावे लागणार होते. वसंतराव चिडले. असे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तिच्याकडे वेळ नाही रे. आज नाना आठवतोय, उद्या आठवेल का, सांग? तुझं आपलं टायर, टायर. उगीच बाऊ करतोस. मी हळू चालवीन." मीही पेटलो. म्हटलं, "हळू चालवलं म्हणून टायर तरुण होत नाही. किल्ली द्या इकडे!" आणि मी खरंच किल्ली काढून घेतली. मुलगा मध्ये पडला.

तेवढ्यात वसंतरावांचा फोन वाजला. शेजारची बेन. वहिनी जाग्या झाल्या, गॅलरीतून बघितलं तर खाली गाडी नाही. बेन दूध तापवायला आत वळली तेवढ्यात चपला न घालता बाहेर पडल्या होत्या.

आम्ही मुलाच्या गाडीनं सुटलो. विमानतळाच्या रस्त्याला भाजीवालीनं त्यांना हाताला धरून बसवून ठेवलं होतं. वहिनी प्रत्येक रिक्षावाल्याला सांगत होत्या, "साक्री, साक्री. गाडी मला सोडून गेली हो." वसंतरावांना बघितल्यावर पोराला मारावं तशा त्यांच्या छातीवर मारायला लागल्या. वसंतराव मार खात उभे राहिले. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

गाडी मी स्वतः, रांगत रांगत म्हणावं अशी, पार्किंगला आणून लावली. वसंतराव म्हणाले, "जाधव, गाडी आता जागची हलणार नाही. हलली तर तिला घेऊन, आणि साक्रीलाच." म्हणजे दुकानात टायर बदलणं संपलं. वहिनींना बसवून दुकानात आणणंही कामाचं नव्हतं. त्यांना कळायचं, हे साक्री नव्हे, आणि मग आकांत.

टायर यायला जेवढा उशीर झाला तेवढा मी स्वतःला कोसत बसलो. वसंतरावांचा रोज फोन. "आज नानाचं नाव पहिल्यांदा आठवेना." शेवटी टायर आले. तसल्याच गाडीच्या जुन्या रिम मी फतेगंजच्या एका भंगारवाल्याकडून मिळवल्या, त्यांच्यावर नवे टायर चढवले, बॅलन्स करून घेतले, स्टेपनीसकट. आता चाकंच्या चाकं बदलायची, गाडी होती तिथेच. टेम्पोत घालून हरणीला पोहोचलो तर उशीर झालेला, वहिनी गाडीत येऊन बसलेल्या.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गाडीत माणूस असताना जॅक लावायचा नाही. जॅक घसरला तर संपलंच. वसंतरावांनी विनवलं, "सुमन, जरा उतर." वहिनींनी दाराची मूठ घट्ट धरली. उतरलं की गाडी आपल्याला सोडून जाते, हे एवढं मात्र त्या विसरल्या नव्हत्या. उद्या बघू म्हणावं, तर उद्याचा कुणाला भरवसा नव्हता.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. पुढे झालो, काचेवर टकटक केलं आणि म्हणालो, "वहिनी, पंक्चर झालंय."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "बघा! मी म्हणत नव्हते, मागून आवाज येतोय?" आणि दार उघडून झटकन उतरल्या. पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं, सोसायटीच्या बागेच्या कडेची एक वीट उपसली आणि वाकून मागच्या चाकाला टेकू लावला. मग दुसरी आणली, पुढच्या चाकाला. "हॅन्डब्रेक ओढला का? मागच्या खेपेला घाटात विसरला होतात तुम्ही. गाडी मागे आली असती तर?" वसंतराव हो म्हणाले आणि पायरीवर बसून हुंदके द्यायला लागले. इतकी वर्षं घाटात गाडी थांबली की चाकाला दगड लावायचं काम वहिनींचं असायचं. मालतीला त्यांनी हे किती वेळा रंगवून सांगितलं होतं! नावं गेली, गाव गेलं, पण चाकाला टेकू लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही, हे त्या बाईच्या हातांना पाठ होतं.

मी पाना घेऊन बसलो. वहिनी माझ्या डोक्यापाशी उभ्या. "भाऊ, तुम्ही कुठले? नवापूरचे का?"

"हो, वहिनी. नवापूरचा."

"बरे भेटलात हो. यांना पंक्चरातलं काही कळत नाही." मग डबा उघडला. "घ्या. दशम्या आहेत." थेपला बघून जरा थबकल्या. "आज हिरव्या कशा झाल्या कोण जाणे." मी हात पुसले, थेपला खाल्ला आणि म्हटलं, छान झाल्यात दशम्या. खोटं नाही सांगत, माझ्या दुकानात तास न् तास बसणाऱ्या, मला भाऊजी म्हणणाऱ्या त्या बाईनं मला ओळखलं नाही याचं फार वाईट वाटलं. आणि मालतीची अशी आठवण आली की नट कुठल्या बाजूला फिरवायचा तेच कळेना. एवढंच हवं होतं तिला. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडावी, आपण पदर खोचून उतरावं आणि नवऱ्याला चार शब्द सुनवावेत.

चारही चाकं चढली. वहिनींनी विटा परत जागेवर ठेवल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. वसंतराव म्हणाले, नवापूरचा माणूस बरोबर असलेला बरा. दुकानात मुलाला सांगितलं, सीझन आहे, तूच बघ. तो बघतच राहिला.

नवे टायर रस्त्याला लागले की वेगळाच आवाज येतो, गुणगुणल्यासारखा. मी मागे बसून तो ऐकत होतो. थांबलो तिथे उतरून प्रत्येक टायरला हात लावून बघितला. कोमट, जसा हवा तसा. नवापूरला चहा घेतला. वहिनी बाहेर बघत शांत बसलेल्या. रोज भिंतीत दिसणारा रस्ता आज खरा होता, पण त्यांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. घाट लागला तेव्हा मात्र सरळ बसल्या, म्हणाल्या, "गिअर बदला." वसंतरावांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. केवढी आशा होती त्या नजरेत!

साक्रीत नानांच्या घरासमोर गाडी उभी राहिली. जुनं घर पाडून दोन मजले चढवलेले, पुढे लोखंडी फाटक. नानांच्या पत्नी भाकरतुकडा आणि ताट घेऊन फाटकाशी उभ्या. वहिनींनी घराकडे बघितलं आणि मान वळवली. "इथे का थांबलो? चला ना, उशीर होतोय."

"सुमन, अगं आलं घर. उतर."

"हे नाही." दाराची मूठ पुन्हा घट्ट. वसंतरावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. एवढा आटापिटा करून आणलं, आणि दारात येऊन हे. पंक्चर झालंय, हे पुन्हा म्हणायचं धाडस मला होईना. त्यांच्या माहेरच्या दारात मी त्यांना फसवणार नव्हतो.

मग नाना स्वतः आले. शाळेतून निवृत्त झालेले, केस पिकलेले, काठी हातात. मागचं दार उघडलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. वहिनी मागे वळल्या. खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम अहिराणीत, बडोद्यात मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या त्यांच्या माहेरच्या बोलीत, दटावून म्हणाल्या, "नाना! मायले सांगीसन उना ना रे?" आईला सांगून आलास ना?

नानांची काठी हातातून सुटली. "हा अक्का," ते म्हणाले. "सांगीसन उनू."

"मग चला ना आता," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "नाना पण येतोय आपल्याबरोबर."

वसंतरावांनी डोळे पुसले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं, काय करू म्हणून. मी खाली उतरलो, दार लावलं आणि टपावर थाप मारली. "न्या गाडी, वसंतराव. खुशाल न्या."

गाडी वळली आणि नदीच्या रस्त्याला लागली. वहिनी मागे वळून नानांना डब्यातला थेपला देत होत्या, तेवढं दिसलं. नानांच्या पत्नी ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. "अहो," त्यांनी मला विचारलं, "कुठे निघाली ही मंडळी?"

"साक्रीला," मी म्हणालो.